मंत्राविना अंगठा

१७ फेब्रुवारी १९५९, मंगळवार, पहाटे पाच वाजता माझ्या पत्नीचा उजवा हात खांद्यापासून वर जाईनासा झाला. वेळ निश्चित सांगता येते, कारण राळेगावात जिनाचा, म्हणजे कापूस पिंजून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, पहिला भोंगा पाचला होत असे आणि तो होताच ती उठत असे. त्या दिवशी भोंगा झाला आणि ती उठली नाही. मी कंदिलाची वात वर केली. ती डाव्या कुशीवर पडली होती. उजवा हात छातीशी आवळलेला, मान खांद्याकडे ओढलेली. काय झाले, असे मी विचारले.

“हात उठत नाही,” ती म्हणाली. “मान बी वळत नाही. भोंगा झाला काय?”

“झाला.”

“मंग मले उठवा.”

मी तिला उठवून बसवले. तिने हात उचलून पाहिला. तो कोपरापासून हलला, खांद्यापासून हलला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग डाव्या हाताने उजवे मनगट धरून तो हात तिने मांडीवर ठेवला, जसे शेजारणीचे मूल उचलून बाजूला बसवावे.

दुखणे त्या दिवसाचे नव्हते. जिनात तिचा तो तिसरा हंगाम होता. ती रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारे यंत्र. त्याच्यापुढे उभे राहून उजव्या हाताने मूठमूठ कापूस त्याच्या तोंडात सारखा घालीत राहायचा. हात खाली आला की रेचा रिकामा फिरतो आणि रिकामा फिरलेला रेचा मुकादमाला दुरून ऐकू येतो. पहिल्या हंगामात तिचा खांदा संध्याकाळी भरून येई आणि सकाळी मोकळा होई. दुसऱ्या हंगामात तो सकाळीही मोकळा होईना. मानेपासून खांद्यापर्यंतचे मांस भिजून वाळलेल्या सुतळीसारखे ताठ झाले. फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, आतल्या कडेला एक गाठ होती. तिच्यावर बोट ठेवले तर पत्नी श्वास रोखी, ओरडत नसे.

सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी तिला नीट तपासले होते. हाड शाबूत आहे, मांस आखडले आहे, गोळ्या घ्या, शेक द्या आणि काही महिने त्या हाताला विश्रांती द्या, असे ते म्हणाले होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी ते तिला समजावून सांगितले तेव्हा ती हसली. “डाक्तरले म्हना, दोन गोया रेच्याले बी द्या. थो थंडा बसला तं माहा हात बी बसन.”

मी तालुका कचेरीत नक्कलनवीस होतो. काम कायमचे नव्हते. कागद आले तर असे, नाही तर नसे. तिचे काम हंगामभर अखंड असे. घरात आम्ही दोघेच होतो आणि घर तिच्या उजव्या हातावर चालले होते.

दुसरा भोंगा होण्याआधी मी जिनावर गेलो. मुकादम फाटकाशीच उभा होता. मी झाले ते सांगितले.

“बाबू,” तो म्हणाला, “दिवाळीत खांदा, संक्रांतीले खांदा, आज बी खांदाच. तुह्या बायकोले खांदे हायेत तरी किती?”

“आजचा दिवस सांभाळून घ्या.”

“आजचा घेतो ना. आज तिच्या रेच्यावर दुसरी उभी करतो. उद्या पयल्या भोंग्याले दोन्ही हात घेऊन आली, तं रेचा तिचा. नाही आली, तं जे उभी हाय तिचा. मंग माह्या नावानं बोटं नका मोडू.”

तो उगाच धाक घालीत नव्हता. फाटकाबाहेर बाया उभ्या होत्या आणि त्या आमचे बोलणे ऐकत होत्या. एकदा सुटलेला रेचा पुढच्या हंगामातही परत मिळत नसे. ज्या बाईच्या हाताखाली तो असे, तिच्याकडेच तो वर्षानुवर्षे राही. दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत तो हात उठणे आवश्यक होते. तो उठवू शकेल असे एकच माणूस मला माहीत होते, आणि त्या माणसाने तो उद्योग सोडला होता.

ती माझी आत्या. राळेगावपासून जवळच्याच एका खेड्यात एकटी राहत असे. तरुणपणीच विधवा झालेली. उसण भरली, मान धरली, कंबर अडली, की लोक तिच्याकडे येत. बैलगाडीत आडवे घालून आणलेली माणसे मी लहानपणी तिच्या अंगणात पाहिली आहेत. ती चोळत नसे. तेलही फारसे लावीत नसे. तेलाने अंगठा घसरतो, असे म्हणे. आधी तळहात नुसता पाठीवर ठेवी आणि वाट पाही. मग अंगठ्याने गाठ शोधी, तिच्यावर अंगठा टेकवी आणि तेथेच थांबे. त्या वेळी तिच्या तोंडातून एक गुणगुण चाले. तो मंत्र. तो मातामाय या देवीचा होता, सासूने तिला दिला होता आणि प्रत्येक ग्रहणात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तो जागवावा लागे. शब्द कोणालाही ऐकू येत नसत. अंगठा इतका वेळ तसाच राही की बाईला डुलकी लागली काय, असे पाहणाऱ्याला वाटे. मग एकाएकी खालचे माणूस मोठा श्वास सोडी आणि आत्या अंगठा उचली. गाठ तेथे नसे.

ज्यांच्या ओट्यावर तिला पाय ठेवू देत नसत, त्यांच्या पाठीवर तिचा हात चाले. त्यासाठी त्यांनी तिला गोठ्यात बोलावावे, तेथे पालथे पडावे आणि नंतर अंघोळ करावी. ती जाई. अंघोळीबद्दल विचारले तर म्हणे, “करू दे ना बाप्पा. घामानं भिजते थो. आंघोय कराच लागते.”

छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. आत्या नागपूरला जाऊ शकली नव्हती. पुढे तिच्या गावच्या वस्तीत सभा झाली, तेथे तिने प्रतिज्ञा घेतल्या. त्या वाचून दाखवणारा मी होतो. एकेक वाक्य मी वाचीत होतो आणि वस्ती मागून म्हणत होती. दुसऱ्या दिवशी आत्याने घरातील देव पाटीत भरले आणि नदीत सोडले. त्याच आठवड्यात एका पाटलाची गाडी दारात आली. तिने ती परत पाठवली. मी कारण विचारले.

“मंतर मातामायचा व्हता,” ती म्हणाली. “मातामाय सोडली तवाच मंतर सुटला. आता नुसता हात घेऊन काय करू? लोकाईले फसवू?”

ही समजूत चुकीची आहे, असे माझे मत होते. गाठ अंगठ्याने सुटते, मंत्राने सुटत नाही. मंत्र टाकला तरी अंगठा राहतोच. मी ते तिला सांगितले होते. गेल्या दिवाळीत पत्नीच्या खांद्यासाठीही सांगितले होते. तिने ऐकले नव्हते. त्या मंगळवारी मी पुन्हा तेच सांगण्यासाठी सायकल काढली.

ती अंगणात तूर बडवीत बसली होती.

“आत्या, चाल.”

“कुठी?”

“घरी. तिचा हात उठून नाही राह्यला.”

“दवाखान्यात ने.”

“नेलतो. उद्या भोंग्याले हात उठला नाही तं रेचा जाते.”

तिने बडवणे थांबवले नाही. “मले काय सांगतं? म्या सोडलं थे. तुह्याच तोंडानं सोडलं.”

“मंतर सोडला. हात कुठी सोडला? मंतर नको म्हनू. नुसता हात ठेव.”

“रिकाम्या घागरीनं कोनाची तहान भागते काय रे?”

“घागर रिकामी हाय का भरेल, थे तरी समजन.”

तिने काठी बाजूला ठेवली. माझ्याकडे पाहिले. मी रात्रीपासून जेवलो नाही, हे तिने ओळखले असावे. तिने भाकरीचा तुकडा आणि मिरची हातावर दिली, तोंड धुतले, लुगडे झटकले आणि सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली.

“खड्डा चुकव,” ती मागून म्हणाली. “माही पाठ मोडली तं तिले कोन पाहीन, आन मले कोन पाहीन?”

“तू धरून बस.”

“धरूनच बसली. तुह्या सायकलले धराले जागा तरी हाय काय? निस्ता सांगाडा.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि शेवटच्या वेचणीच्या बाया त्यांत वाकून हिंडत होत्या. एकीने आत्याला ओळखले आणि कमरेवर हात ठेवून मोठ्याने विचारले, “बुढे, हात पुन्ना सुरू केला काय?” आत्याने पदर पुढे ओढला. पुढे निंबाखाली मातामायचे शेंदूर लावलेले दगड लागले. पूर्वी येथून जाताना ती हात जोडीत असे. मी मागे वळून पाहिले नाही. पण कॅरिअर एका बाजूला कलला, त्यावरून तिने तोंड पलीकडे फिरवले हे मला समजले.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. पत्नी भिंतीला टेकून बसली होती. तिने डाव्या हाताने चूल पेटवून पाणी तापवून ठेवले होते. आत्याला पाहून ती उठू लागली.

“बस,” आत्या म्हणाली. “पाया पडाले आली काय? तुह्याच्यानं हात उठत नाही, पाया काय पडतं?”

“डाव्या हातानं पडतो ना, आत्या.”

“डाव्या हातानं पाया पडली तं सासू मरते म्हनत.”

“माही सासू कवाची मेली. आता कोनाची पाळी?”

दोघी हसल्या. हसताना पत्नीला कळ आली आणि ती मध्येच थांबली.

चटई अंथरली. ती पालथी पडली. मी बाहेर जाऊ लागलो, तर आत्या म्हणाली, थांब, उद्या तुलेच दाबावं लागन, पाहून घे. मी दाराशी बसलो. आत्याने हात गरम पाण्यात बुडवून पुसले आणि उजवा तळहात पत्नीच्या फऱ्यावर ठेवला. पुष्कळ वेळ तिने काहीच केले नाही. तिच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जसे बऱ्याच दिवसांनी जुन्या गावच्या रस्त्याला लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर यावेत. मग अंगठा सरकला. तो चुकला नाही. तो थेट गाठीवर गेला. पत्नीने श्वास रोखला.

मला वाटले, झाले. माझे मत खरे ठरले. हाताला सर्व आठवते आहे. मंत्राची गरज नव्हती.

आत्याने अंगठा उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. या वेळी थोडा बाजूला ठेवला, दाब वाढवला आणि लगेच सैल केला. पत्नीचे खांदे सैल होण्याऐवजी कानांकडे चढू लागले. आत्या मागे सरून बसली आणि स्वतःच्या अंगठ्याकडे पाहू लागली.

“काय झालं?” मी विचारले.

“समजून नाही राह्यलं.”

“काय समजून नाही राह्यलं?”

“कवा उचलाचा.” ती थांबली. “मंतर सरला का अंगठा उचलाचा. मले एवढंच ठावं. आता काय सरन?”

दोन वर्षे ती म्हणत होती की गुण मंत्राचा आहे आणि मी म्हणत होतो की गुण हाताचा आहे. दोघांचेही खरे नव्हते. मंत्र हे तिचे माप होते. अंगठा किती वेळ टेकवायचा, हे ती कधी शिकलीच नव्हती. ती फक्त मंत्र म्हणायला शिकली होती. गाठीला जेवढा अवधी लागतो तेवढाच तो मंत्र लांब होता. तिच्या सासूच्या सासूने तो लांब केला की त्याच्याही आधीच्या कोणी, हे आता सांगता येणार नाही. आम्ही तो देवाचा म्हणून काढून टाकला होता. त्याच्यात घड्याळही आहे, हे देव काढणाऱ्यांना माहीत नव्हते आणि देव ठेवणाऱ्यांनाही माहीत नव्हते.

मला उपाय सोपा वाटला. “मी मोजतो,” मी म्हणालो. “तू अंगठा ठेव. मी थांबलो का उचल.”

तिने अंगठा ठेवला. मी अंक म्हणू लागलो. थोड्याच वेळात आत्याने मान हलवली. “तू मोजतं तं माहा अंगठा तुह्या मागं पयते. आवाज बंद कर.”

चटईत तोंड असलेली पत्नी म्हणाली, “कचेरीत नकला करून राह्यल्यासारखे मोजतेत जी. मलेच वाटलं, आता खाली सही करा लागते.”

मी सावकाश मोजले. मनातल्या मनात मोजून नुसता हात वर केला. काही उपयोग झाला नाही. त्या मंत्रात नुसता वेळ नव्हता. कोठे भार टाकायचा, कोठे तो हलका करायचा, कोठे खालच्या माणसाच्या श्वासासाठी थांबायचे, हे सर्व त्या गुणगुणीच्या चढउतारात होते. अंक सगळे सारखे असतात. त्यांच्यावर हात टेकत नाही.

शेवटी आत्या अंदाजाने करू लागली. तिने दात आवळले, अंगठा टेकवला आणि उचललाच नाही. फार वेळ झाला आहे, हे मला दिसत होते. तिला ते कळत नव्हते. पत्नीची बोटे चटईच्या काड्यांत रुतली. मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी पूर्वी ऐकला नव्हता. आत्याने हात झटकन काढला. पत्नीला बसवले तेव्हा सकाळी कोपरापासून हलणारा हात आता बोटांपासूनच हलत होता आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या. आमच्या प्रयत्नाने तो अधिक बिघडला होता.

बाहेर जिनाचा धूर दिसत होता. तिच्या रेच्यावर दुसरी उभी होती.

मी म्हणालो, “आत्या, आपली वंदना तुले येते. त्रिशरण येते. थे म्हन. थे म्हनेपर्यंत अंगठा ठेव.”

ती माझ्यावर ओरडली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर एकदाच ओरडली, ती त्या दिवशी. “त्याईले बी मंतर करतं काय आता? दगड काढले आन त्या जागी त्याईले बसवतं? मंग सोडलं काय आपुन? थे म्हनाचं का आपुन मानसं हाओ म्हनून. उसन काढाले म्हनाचं काय थे?”

तिचे म्हणणे योग्य होते. तेच मी सभांतून इतरांना सांगत असे. ती बोलत होती आणि पत्नी भिंतीला डोके टेकवून डोळे मिटून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता. तिने काही मागितले नाही. दोन वर्षे तिने काही मागितले नव्हते.

मी आत्याला म्हणालो, “मंग जुना म्हन.”

आत्याने माझ्याकडे पाहिले. “काय म्हनला?”

“मंतर म्हन. आजच्या दिवस.”

“तू सांगून राह्यला? वाचनारा तू?”

“हाव. मी सांगून राह्यलो.”

ती पत्नीकडे वळली. पत्नीने डोळे उघडले नाहीत. ती म्हणाली, “म्हना आत्या. म्या कोनाले सांगत नाही. मातामायले बी नाही.”

दार लावून घेतले. पत्नी पुन्हा पालथी पडली. आत्याने लुगड्याचा पदर डोक्यावर ओढला, तळहात ठेवला, वाट पाहिली, अंगठा गाठीवर आणला आणि गुणगुणू लागली. मी तो आवाज लहानपणी शेकडो वेळा ऐकला होता. पहिल्याच ओळीला तिचा अंगठा स्थिर झाला. पत्नीचा खांदा किंचित खाली आला. मी तो खाली येताना पाहिला. हे मी अंदाजाने लिहीत नाही.

मग आवाज थांबला.

तिने पुन्हा सुरुवात केली. त्याच ठिकाणी आवाज पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा ती फार सावकाश म्हणत आली, पायरी चाचपीत अंधारात उतरावे तशी, आणि तेथेच येऊन अडली. अंगठा अजून गाठीवर होता. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

“गेला,” ती म्हणाली.

“काय गेला?”

“मंतर. पुढं येत नाही.” तिने अंगठा उचलला. “दोन वर्सं त्याले घरात घेतलं नाही. गिऱ्हाणात जागवला नाही. थो कायले थांबते माह्यासाठी?”

“आठवून पाहा.”

“आठवलं असतं तं गप बसली असती काय? म्या मनापासून सोडला बाप्पा. अर्धा सोडला असता तं अर्धा राह्यला असता.”

पत्नी उठून बसली. आत्याने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि नुसता धरून ठेवला. त्यात उपचार नव्हता.

येथे एवढे नोंदवून ठेवतो की तो खांदा पुढेही कधी पूर्ण उठला नाही. पुढच्या वर्षी आम्ही नागपूरला गेलो. तेथील मोठ्या दवाखान्यात विजेचा शेक दिला, हाताचे व्यायाम शिकवले. बोटे सुधारली, कोपर सुधारला, ती एका हाताने स्वयंपाक करू लागली. गाठ राहिली. थंडीच्या दिवसांत ती रात्ररात्र बसून काढी आणि सकाळी मला झोप लागली होती की नाही, हे विचारी. रेचा दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याला गेला. जिच्याकडे गेला ती आमच्याच वस्तीतील होती. तिचाही खांदा तिसऱ्या हंगामात धरला. तिला कोणाकडे न्यावे, असे तिच्या नवऱ्याने मला विचारले.

ऊन उतरल्यावर आत्या उठली. मी सायकल काढली.

“नको,” ती म्हणाली. “पायी जाईन. तू तिच्यापाशी थांब.”

“पोहोचाले अंधार होईन.”

“होऊ दे. अंधाराले आता कोनाचं भेव हाय? भुतं बी आपुन सोडली ना?” दारात ती थांबली. “कोनाले सांगू नको.”

“काय?”

“का म्या म्हनून पाह्यलं. आन तू म्हनाले लावलं.”

मी सांगत नाही, असे म्हणालो. त्या दोघीही आता नाहीत, म्हणून लिहितो.

ती गेल्यावर पत्नी चुलीपाशी गेली. पीठ मळण्यासाठी परात हवी होती. परात भिंतीवर टांगलेली होती. ती भिंतीपाशी उभी राहिली, टाचा उचलल्या आणि डावा हात वर केला. डावा हात वर करताच उजव्या खांद्याला ताण बसला आणि ती टाचांवर परत आली. पुन्हा तिने प्रयत्न केला नाही. ती परातीखाली तशीच उभी राहिली, पाठ माझ्याकडे करून. मी परात काढून दिली.

“आज तुमी हाये,” ती म्हणाली. “उद्या कचेरीत जासान. मंग काय मी परातीले खाली बलावू?”

मी घराकडे पाहिले. परात, चाळणी, तिची लुगडी, कंदील, मिठाची पिशवी, सर्व डोक्याच्या वर टांगलेले होते. घर उंच हाताच्या माणसासाठी बांधलेले होते. मी शेजाऱ्याकडून हातोडा आणला.

“इकडे उभी राह्य,” मी म्हणालो. “हात जेवढा उठते तेवढा उचल.”

“कायले?”

“उचल.”

तिने उजवा हात भिंतीवर टेकवला आणि बोटांनी भिंत चढत तो वर नेला. तो कमरेच्या थोडा वर येऊन थांबला. तेथे मी कोळशाने रेघ ओढली. ती म्हणाली, “थोडं वर काढा. आठ दिवसांत उठन अजून.” मी रेघ होती तेथेच ठेवली. तिने ते पाहिले आणि ती चुलीकडे वळली.

दिवेलागणीपूर्वी मी घरातील सर्व खुंट्या उपटून त्या रेघेवर ठोकल्या. वस्तू एकेक करून टांगल्या. शेवटी अंगणातील माती आणि शेण पाटीत कालवून आणले आणि भिंतीवर वरच्या बाजूला राहिलेली भोके लिंपून टाकली.